कागदाची घडी आणि फ्रेडरिक फ्रोबेल

गेल्या दिवाळीच्या सुट्टीपूर्वीची गोष्ट. आपल्या सावर्ड्यापासून थोड्या अंतरावर असलेल्या एका प्राथमिक शाळेत मुलांना कागदाचे भौमितिक आकार करावयास शिकवावेत, अशा हेतूने आम्ही तिघे मित्र गेलो होतो. आदल्या रात्री जागून मी घोटीव कागदाचे चाळीस चौकोन कापून ठेवले होते. प्रत्येक बाजू मोजून सहा इंच, एकही कोपरा वाकडा नाही. वर्गात मी फळ्यासमोर उभा राहिलो आणि सूचना देऊ लागलो. खालचा कोपरा वरच्या कोपऱ्यावर न्या, घडीवरून नख फिरवा, उघडा, आता दुसरा कोपरा. पाऊण तासात चाळीस मुलांच्या पुढे चाळीस सारख्या वस्तू तयार झाल्या. गुरुजी प्रसन्न झाले. मीही मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. निघताना तिसरीतल्या एका मुलीला मी सहज विचारले की, तिच्या हातातला हा आकार कोणता. ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली की, मी सांगेन तो.

मधल्या सुट्टीत अंगणात पाहिले तर एक मुलगा माडाच्या पातीच्या चार पट्ट्या घेऊन चेंडू विणीत बसला होता. कोकणात हा खेळ कोणाला नवा नाही. पण त्या दिवशी मी तो चेंडू हातात घेतला आणि प्रथमच नीट पाहिला. त्याला आपण चेंडू म्हणतो खरे, पण तो गोल नसतो. तो सहा बाजूंचा घन असतो. त्या मुलाने घन केला होता, तोही पट्टी, गोंद आणि सूचना यांवाचून. आणि ज्या मुलांना मी पाऊण तास भूमिती शिकविली होती, त्यांना स्वतःच्या हातातला त्रिकोण ओळखता येत नव्हता.

या फजितीमुळेच मी फ्रोबेलकडे वळलो. त्याचे नाव तोपर्यंत मला डी.एड. करणाऱ्या बहिणीच्या गाइडातील दोन ओळींपुरते ठाऊक होते: किंडरगार्टनचा जनक, आणि खेळातून शिक्षण. परीक्षेला तेवढे पुरते. परंतु लहान मुलाच्या हाती चौकोनी कागद देण्याची कल्पना शिक्षणाच्या व्यवहारात रुजविली ती या गृहस्थाने, आणि ती त्याच्या हाती कोणत्या वाटेने आली हे वाचू लागल्यावर माझ्या चाळीस चौकोनांची मला चांगलीच लाज वाटली.

फ्रेडरिक फ्रोबेलचा जन्म २१ एप्रिल १७८२ रोजी जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात, ओबरवाइसबाख या डोंगरातल्या खेड्यात झाला. वडील ल्यूथरपंथी धर्मोपदेशक होते. मूल नऊ महिन्यांचे असताना आई वारली. वडिलांच्या अंगावर अनेक वस्त्यांचा कारभार. घरात लक्ष देण्यास त्यांना सवड नव्हती आणि स्वभावही कडक. पुढे सावत्र आई आली. प्रारंभी तिने या पोरक्या मुलाला जवळ घेतले. पण तिला स्वतःचे मूल झाल्यावर तो परका झाला. घराभोवती भिंती, एका बाजूला चर्च, आणि अंगणाबाहेर जाण्यास बंदी. वडिलांनी त्याला वाचायला शिकविण्याचा प्रयत्न केला, तो फार जड गेला, आणि मुलगा मंदबुद्धी आहे असे त्यांनी ठरवून टाकले. त्याला गावातल्या मुलांच्या शाळेत न घालता मुलींच्या शाळेत घातले गेले.

अशा एकाकी मुलाला उरतो तो बगीचा. वडिलांबरोबर वाफ्यांत काम करणे हा त्याच्या लहानपणातला एक मोठा आनंद होता. थोरला भाऊ क्रिस्टोफ हा त्याचा खरा आधार. एकदा त्याने हेझल नावाच्या झुडपाच्या कळीतले बारीक जांभळे तंतू या धाकट्या भावाला दाखविले आणि फुलाफुलांतली रचना समजावून सांगितली. साधीच गोष्ट, पण म्हातारपणापर्यंत तो ती विसरला नाही. ज्या जगात माणसे त्याला समजत नव्हती, त्या जगात एवढीशी कळी मात्र नियमाने वागत होती. माझ्या मते फ्रोबेलचे सारे पुढचे आयुष्य या एका कळीत मिटलेले आहे. ज्याला घरात माया मिळाली नाही, त्याने ती सृष्टीच्या नियमात शोधली. आणि पुढे लहान मुलांसाठी जे घर उभे केले, त्याला नाव दिले तेही बागेचेच.

दहाव्या वर्षी श्टाटइल्म येथील मामा त्याला घेऊन गेले आणि तेथे चार-पाच वर्षे सुखाची गेली. पंधराव्या वर्षी एका वनाधिकाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी. या वनाधिकाऱ्याने शिकविले काहीच नाही; परंतु त्याच्या घरी पुस्तके होती आणि भोवती रान होते. मुलाने झाडे गोळा केली, जमिनीची मोजणी आणि भूमिती स्वतःची स्वतः शिकला. मग १७९९ मध्ये येना विद्यापीठ. तेथे पैसे संपले. जवळचे होते ते त्याने भावाला उसने दिले होते, ते परत आले नाहीत, आणि खाणावळवाल्याच्या तीसएक थेलरच्या देण्यापायी त्याला विद्यापीठाच्या कोठडीत नऊ आठवडे काढावे लागले. ज्यांची महिनाअखेरीस खाणावळीच्या वहीकडे पाहण्याची छाती होत नाही, अशा आपल्या वसतिगृहातील मित्रांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

त्यानंतरची काही वर्षे तो काय काय होऊन पाहत होता, याचा हिशेब लागत नाही. जमिनीचा मोजणीदार झाला, जमीनदारीवर कारकून झाला, हिशेबनीस झाला. शेवटी १८०५ साली वास्तुशिल्पी होण्याच्या इराद्याने तो फ्रँकफर्टला आला. तेथे ग्रूनर नावाच्या गृहस्थाची एक नमुना शाळा होती. ग्रूनरने या तरुणाला पारखले आणि इमारतीचा नाद सोडून शिक्षक होण्याचा सल्ला दिला. पहिल्याच दिवशी तीस-चाळीस मुलांसमोर उभे राहिल्यावर त्याला जे वाटले, ते त्याने भावाला पत्राने कळविले. आपण इतके दिवस पाण्याबाहेर होतो, आता पाण्यात आलो, असा त्या मजकुराचा भाव आहे. तेविसाव्या वर्षी माणसाला आपले काम सापडावे हे भाग्य. आपल्यापैकी कित्येकांना ते पदवी घेऊनही सापडत नाही.

त्या काळी युरोपात नव्या शिक्षणाचे तीर्थक्षेत्र म्हणजे स्वित्झर्लंडमधील इव्हरदाँ. तेथे वृद्ध पेस्टालॉझी शाळा चालवीत होते. फ्रोबेल तेथे प्रथम पंधरवडाभर गेला, आणि पुढे होल्ट्सहाउझेन घराण्यातील मुलांचा खाजगी शिक्षक झाल्यावर त्या मुलांना घेऊन १८०८ पासून दोन वर्षे तेथेच राहिला. वस्तू आधी आणि शब्द नंतर, हा पेस्टालॉझींचा धडा त्याने मनोमन स्वीकारला. परंतु एक उणीव त्याला जाणवत होती. मुले तेथे वस्तू पाहत होती, मोजत होती, वर्णन करीत होती. हाताने घडवीत मात्र फारशी नव्हती. होल्ट्सहाउझेन मुलांना त्याने कागद, पुठ्ठा आणि लाकूड हाताळावयास दिले होते, आणि आपल्याच लहानपणी असले काही हातात असते तर किती बरे झाले असते, हा विचार त्याच्या मनात घोळत होता. कागदाच्या घडीचे बीज येथे पडले असे म्हणावयास हरकत नाही.

येथून गोष्टीला एक अनपेक्षित वळण लागते. तिशी गाठलेला हा शिक्षक पुन्हा विद्यार्थी झाला. प्रथम ग्योटिंगेन आणि मग बर्लिन. बर्लिनमध्ये तो क्रिस्टियान वाइस या खनिजशास्त्रज्ञाच्या व्याख्यानांना बसू लागला. वाइस हे स्फटिकशास्त्राच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. स्फटिकांची वर्गवारी त्यांच्या आतील अक्षांवरून करावी, ही दृष्टी त्यांनी दिली. मध्यंतरी १८१३ साली नेपोलियनविरुद्धचे युद्ध पेटले आणि फ्रोबेल स्वयंसेवक म्हणून लुत्झोच्या पलटणीत दाखल झाला. लढाईत त्याने फार पराक्रम केला असे नाही. परंतु छावणीत त्याला लांगेथाल आणि मिडेनडॉर्फ हे दोन मित्र मिळाले, आणि मिडेनडॉर्फने तर पुढे आयुष्यभर त्याची साथ सोडली नाही. परत आल्यावर वाइस यांच्या हाताखाली बर्लिनच्या खनिज संग्रहालयात त्याला नोकरी मिळाली. कुलूपबंद दालनात दिवसभर एकटे बसून स्फटिक लावायचे, हे काम.

त्या दालनात काय घडले असेल याची मी पुष्कळदा कल्पना करतो. मिठाचा खडा घ्या. तो चौकोनीच का फुटतो? कोणी करवतीने कापलेला नसतो. आत जी रचना आहे तीच बाहेर येते. दाब, गर्दी, अडथळा यांमुळे कोपरा तुटेल, कड वाकडी होईल, पण नियम आतलाच. फ्रोबेलला वाटले की मुलाचेही असेच आहे. त्याच्यात जे आहे ते बाहेर यावयाचे असते. शिक्षकाने बाहेरून साचा बसवावयाचा नसतो. ही नुसती उपमा राहिली असती तर तिला फारशी किंमत नव्हती, कारण शिक्षणावर लिहिणाऱ्यांना उपमा स्वस्त असतात. फ्रोबेलने तिला लाकडाचे आणि कागदाचे रूप दिले. जो नियम स्फटिकात पाहिला तो मुलाच्या बोटांना भेटेल, अशा वस्तू त्याने पुढे घडविल्या.

थोरला भाऊ क्रिस्टोफ १८१३ साली फ्रेंच सैनिकांची शुश्रूषा करता करता विषमज्वरासारख्या साथीत दगावला होता. त्याच्या विधवेने मुलांच्या शिक्षणासाठी दिराला हाक दिली. फ्रोबेलने संग्रहालयाची सुरक्षित नोकरी सोडली, आणि १३ नोव्हेंबर १८१६ रोजी ग्रीसहाइम येथे पाच पुतण्यांची शाळा सुरू केली. ज्या भावाने हेझलची कळी दाखविली त्याच्या मुलांसाठीच तो शिक्षणात कायमचा आला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पुढच्या वर्षी ही शाळा काइलहाऊ या खेड्यात गेली. १८१८ मध्ये त्याने हेन्रिएट होफमाइस्टर या सुसंस्कृत बर्लिनकर स्त्रीशी विवाह केला. १८२६ मध्ये मनुष्याच्या शिक्षणावरील त्याचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथ अवघड आहे; त्याचे कडवे भक्तही तो वाचताना दमतात. शाळेतील मुले साठाच्या घरात गेली होती. परंतु काइलहाऊत राजद्रोही विचार शिकविले जातात असा संशय सरकारदरबारी पसरला. तपासणीसाठी आलेल्या अधिकाऱ्याने शाळेची स्तुतीच केली. तरी पालक बिचकले ते बिचकलेच, आणि १८२९ पर्यंत पाच-सहा मुले उरली. पुढची पाच-सहा वर्षे स्वित्झर्लंडमध्ये गेली. तेथेही धर्मगुरूंचा विरोध, तेथेही जागा बदलणे. बुर्गडॉर्फच्या अनाथाश्रमात मात्र अगदी लहान मुले त्याच्या देखरेखीखाली आली, आणि आपण उशिरा सुरुवात करतो आहोत हे त्याच्या लक्षात आले. सात वर्षांचे मूल शाळेत येते तेव्हा त्याचे निम्मे घडून गेलेले असते.

१८३७ साली, पंचावन्न वर्षांचा फ्रोबेल काइलहाऊजवळच्या बाड ब्लांकेनबुर्ग या गावी परतला. सरकारी नोकर निवृत्तीचे दिवस मोजू लागतो त्या वयात याच्या खऱ्या कार्याला प्रारंभ झाला. लहान मुलांसाठी खेळण्यांचे संच तयार करण्याचा उद्योग त्याने तेथे मांडला. या संचांना तो देणग्या म्हणे. पहिली देणगी लोकरीच्या सहा रंगीत चेंडूंची. दुसरी देणगी लाकडाचा गोल, घन आणि त्यांच्यामधला दंडगोल. गोलाला कड नाही, कोपरा नाही. घनाला सहा पृष्ठे, बारा कडा, आठ कोपरे. आणि दंडगोलात दोघांचेही थोडे थोडे. गंमत अशी की घन दोरीला टांगून गरगर फिरविला तर डोळ्यांना दंडगोल दिसतो. पुढच्या देणग्यांत हाच घन निरनिराळ्या तऱ्हेने चिरलेला: आठ लहान घनांत, आठ विटांत, मग आणखी बारीक तुकड्यांत. खेळ संपला की सगळे तुकडे जुळवून पुन्हा अखंड घन करून पेटीत ठेवायचा. बर्लिनच्या दालनातले स्फटिक असे मुलांच्या टेबलावर आले.

देणग्यांच्या पुढे येतात ते हस्तोद्योग: टोचकाम, शिवणकाम, कागदी पट्ट्यांचे विणकाम, भिजविलेले वाटाणे आणि काड्या यांचे सांगाडे, मातीकाम, आणि आपला विषय जो आहे ती कागदाची घडी. कागदी पट्ट्यांच्या विणकामाचे वर्णन वाचताना मला तर आपल्याकडे माडाचे झाप विणतात तेच आठवले. एक वर, एक खाली, पुढच्या ओळीत उलट. घडी ही काही फ्रोबेलने शून्यातून निर्माण केलेली कला नव्हे. जर्मन घरांत कागदाची पाखरे आणि होड्या मुले आधीपासून करीत होती, जशी आपली मुले पावसाळ्यात पऱ्ह्यात सोडण्यासाठी करतात. फ्रोबेलने तिच्यात क्रम पाहिला. एकाच चौकोनापासून तीन वाटा निघतात हे त्याने दाखविले. होडी, टोपी, पाखरू हे जीवनातले आकार. चांदणी, फूल, नक्षी हे सौंदर्याचे आकार. आणि अर्धा, पाव, त्रिकोण, काटकोन हे ज्ञानाचे आकार. मूल एकाच बैठकीत या तिन्ही वाटांनी हिंडावे, आणि आधीचा आकार मोडून न टाकता त्याचाच पुढचा आकार व्हावा, असा त्याचा आग्रह होता. त्याच्या मते होडी करणारे मूल भूमितीच करीत असते. फक्त ते त्याला अजून कोणी सांगितलेले नसते.

या ज्ञानाच्या आकारांत काय दडलेले आहे, हे एकदा स्वतः करून पाहावे. चौकोनाचे चारही कोपरे मध्यबिंदूवर आणून घड्या घाला. पाकिटासारखा लहान चौकोन तयार होतो. वर दुमडलेले चार त्रिकोण खालच्या चौकोनाला बरोबर झाकतात; कोठे फट नाही, कोठे एकावर एक नाही. म्हणजे मोठा चौकोन लहानाच्या दुप्पट. आपल्या शुल्बसूत्रकारांनी यज्ञवेदीसाठी दोरी ताणून कर्णावरचा चौरस मूळ चौरसाच्या दुप्पट होतो हे सांगितले, तेच सत्य आठ वर्षांच्या मुलाला येथे चार घड्यांत मिळते. समभुज त्रिकोणाचे तसेच. कागद उभा मधोमध दुमडून उघडा. आता खालचा उजवा कोपरा उचलून त्या मधल्या रेषेवर असा टेकवा की घडी खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघेल. जेथे टेकला तेथे खूण करा आणि ती खूण खालच्या दोन्ही कोपऱ्यांना जोडा. तिन्ही बाजू सारख्या, कारण कागदाची तीच बाजू उचलून तिरपी ठेवली आहे. कंपासपेटी लागत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चूक कोणी दाखवावी लागत नाही. कोपरा कोपऱ्यावर बसला नाही तर कागदच सांगतो.

या सगळ्या उद्योगाला साजेसे नाव मात्र त्याला सापडत नव्हते. १८४० च्या वसंतात मिडेनडॉर्फ आणि बारोप या सहकाऱ्यांबरोबर काइलहाऊहून ब्लांकेनबुर्गला डोंगरवाटेने येताना, खाली दरीतले गाव दिसताच त्याला एकदम ते सुचले आणि तो मोठ्याने ओरडला, असे सांगतात. किंडरगार्टन, मुलांची बाग. त्याच वर्षी २८ जून रोजी ब्लांकेनबुर्ग येथे या नावाची संस्था रीतसर स्थापन झाली. हा आनंद पाहावयास हेन्रिएट नव्हती. ती आदल्या वर्षीच वारली होती. आणि पैसेही नव्हते. देणग्यांवर चालावयाची ही संस्था थोड्याच वर्षांत डबघाईला आली. मग म्हातारा गावोगाव व्याख्याने देत हिंडू लागला. आया, तरुण मुली, शिक्षक, जो ऐकेल त्याला चेंडू आणि घन दाखवू लागला. लहान मुलांना शिकविण्यासाठी स्त्रियांना पद्धतशीर प्रशिक्षण द्यावे, ही त्याची मागणी त्या काळी अनेक विद्वान पुरुषांना हास्यास्पद वाटली. आज आपल्याकडील अंगणवाडीपर्यंत तीच गोष्ट सर्वमान्य झालेली आहे.

१८४९ मध्ये तो बाड लीबेनश्टाइन या गावी आला. खेड्यातल्या पोरांना गोळा करून त्यांच्याबरोबर गाणी म्हणत फेर धरणारा, पांढऱ्या केसांचा हा माणूस पाहून लोक त्याला खुळा म्हणत. हवापालटासाठी आलेल्या बेर्टा फॉन मारेनहोल्ट्स-ब्यूलो या उमरावघराण्यातील बाईंनी ही कुजबुज ऐकली, कुतूहलाने जाऊन पाहिले, आणि त्याच्या आजन्म शिष्या झाल्या. १८५१ मध्ये त्याने लुईझ लेविन या आपल्या विद्यार्थिनीशी दुसरा विवाह केला. मारिएनटालच्या घरात प्रशिक्षणाचे वर्ग चालू होते. आता तरी सुखाचे दिवस येतील असे वाटत असतानाच, ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाचे शिक्षणमंत्री फॉन राउमर यांनी आपल्या राज्यातील सर्व किंडरगार्टनांवर बंदी घातली. कारण? त्या नास्तिक आणि समाजवादी विचार पसरवितात! खरी गोष्ट अशी की फ्रोबेलचा कार्ल फ्रोबेल नावाचा एक पुतण्या होता. स्त्रीशिक्षण आणि किंडरगार्टन यांवर त्याचे एक पत्रक प्रसिद्ध झाले होते, आणि सरकारने चुलत्या-पुतण्याची गल्लत केली. फ्रोबेलने खुलासे पाठविले, चूक दाखवून दिली. सरकार चूक झाली म्हणून हुकूम मागे घेत नसते, हे तेव्हाही खरे होते. २१ जून १८५२ रोजी, सत्तर वर्षांचा होऊन, फ्रोबेल वारला. बंदी उठली ती १८६० मध्ये. श्वाइना येथील त्याच्या थडग्यावर घन, त्यावर दंडगोल आणि त्यावर गोल असा दगड उभा आहे, दुसरी देणगी.

माणूस गेल्यावर त्याची कल्पना जगभर पसरली. मारेनहोल्ट्स बाईंनी ती युरोपात नेली. अमेरिकेत १८५६ पासून किंडरगार्टने निघाली. जपानमध्ये १८७६ साली टोकियोत पहिले सरकारी किंडरगार्टन उघडले आणि तेथील मूळच्या घडीच्या परंपरेशी फ्रोबेलच्या घड्यांची गाठ पडली. त्याच वर्षीच्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात फ्रँक लॉइड राइट याच्या आईने या देणग्या पाहिल्या आणि मुलासाठी आणल्या. त्या ठोकळ्यांचा स्पर्श आपल्या बोटांत कायम राहिला असे हा थोर वास्तुशिल्पी पुढे आवर्जून सांगत असे.

पण येथेच मला सांगावयाची खरी गोष्ट आहे. कल्पना पसरली तशी ती घट्टही झाली. देणग्यांना क्रमांक पडले, कारखाने त्यांच्या पेट्या विकू लागले. कागदाचे रंगीत चौकोन मोजून कापलेले येऊ लागले, सोबत घड्यांच्या आकृत्या आणि सूचना. बाईंनी आज्ञा द्यावी, चाळीस मुलांनी एकदम घडी घालावी. अमेरिकेत जॉन ड्यूई यांनी १९०० च्या सुमारास यावर नेमके बोट ठेवले: हुकमाने केलेला खेळ हा खेळ नव्हे. म्हणजे जे त्यांच्या शिकागोत झाले तेच मी सावर्ड्याजवळच्या त्या वर्गात केले होते. सहा इंचाच्या फुटपट्टीसह. फ्रोबेलही यातून अगदी सुटत नाही. क्रमाची आणि सममितीची त्याला इतकी ओढ होती, आणि लेखन इतके गूढ, की शिष्यांनी आशय सोडून क्रम तेवढा उचलला तर सारा दोष शिष्यांचा म्हणता येत नाही.

आणि तरी त्या रंगीत कागदांच्या पेटीतूनच एक अपूर्व गोष्ट आपल्या देशात घडली. मद्रासचे टी. सुंदर राव यांच्या हाती किंडरगार्टनची आठवी देणगी पडली: दोनशे रंगीत चौकोन आणि घड्यांच्या सूचना. त्यांनी सूचना बाजूस ठेवल्या आणि कागदालाच प्रश्न विचारले. १८९३ साली मद्रासला त्यांचे कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकविणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. कोठल्याही वेड्यावाकड्या कागदापासून चौकोन कसा काढावा येथून आरंभ करून समभुज त्रिकोण, पंचकोन, अष्टकोन, श्रेढी आणि थेट शंकुच्छेदापर्यंत ते जाते. जर्मनीचे थोर गणिती फेलिक्स क्लाइन यांनी आपल्या ग्रंथात त्याचा उल्लेख केला, आणि त्यामुळे १९०१ साली शिकागोहून त्याची आवृत्ती निघाली. जर्मनीच्या डोंगरातून निघालेला चौकोन मद्रासला येऊन पुन्हा जर्मन गणित्याच्या टेबलावर पोचला.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्यांची वाट फ्रोबेलपेक्षा माँटेसोरीबाईंना जवळची. पण १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत काम करताना महागडी साधने त्यांनी बाजूस ठेवली आणि पाने, बिया, शिंपले, खडे यांतून मुलांना आकार व संख्या दिल्या. देणग्यांची पेटी विकत आणण्याऐवजी अंगणातून गोळा करावयाची, एवढाच फरक. सुंदर रावांना जे पेटीत सापडले, ते ताराबाईंना रानात सापडले.

डिसेंबरात आम्ही त्या शाळेत पुन्हा गेलो. या वेळी मी चौकोन कापून नेले नाहीत. नुसती रद्दी नेली. प्रत्येकाला वर्तमानपत्राचा एक वेडावाकडा फाटका तुकडा दिला आणि पट्टी, कात्री न वापरता यातून चौकोन काढा, एवढेच सांगितले. पंधरा मिनिटे नुसता गोंधळ. गुरुजी दोनदा दारात येऊन गेले. त्यांचा चेहरा मागच्या वेळेइतका प्रसन्न नव्हता. मग कोणाला तरी दिसले की घडी घातली की कड सरळ होते. ती सरळ कड तिच्यावरच दुमडली की कोपरा नीट येतो, हे शोधायला आणखी थोडा वेळ गेला. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा चाळिसांपैकी अकरा जणांकडे चौकोन होते, आणि तेही सगळे वेगवेगळ्या मापांचे. पाती विणणाऱ्या त्या मुलाचा नव्हता. त्याचा कागद लांबोळा राहिला होता. ती तिसरीतली मुलगी त्याच्याजवळ येऊन उभी राहिली, त्याची आखूड बाजू उचलून तिने लांब बाजूवर आडवी बसविली आणि उरलेला भाग बोटाने दाखविला. त्याला ते पटले नाही. तो म्हणाला की तिचाच वाकडा आहे. दोघे आपापले कागद एकमेकांवर ठेवून उन्हाकडे धरीत भांडत राहिले, आणि आमची सावर्ड्याची एस.टी. चुकली.